डबीच्या मागे जे लिहिलेलं नसतं

(पॉडकास्टमधल्या बोलण्याचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मेकअपचा आहे. आणि मुलांनो, लगेच स्किप करू नका. तुमच्याही आरशामागे गोरं करणारी एखादी ट्यूब असते, माहितीये मला.

झालंय असं की गेले काही आठवडे तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला स्क्रीनशॉट पाठवताय. ती बारकोड स्कॅन करणारी ॲप्स असतात ना, त्यांचे. लिपस्टिक स्कॅन केली की लाल, केशरी नाहीतर हिरवा गोल येतो. मग मेसेज, "ताई, माझ्या मॉइश्चरायझरला लाल आलंय, फेकून देऊ का?"

मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. मी कोड लिहिते. पण असं ॲप आतून काय करतं ते मला कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बारकोड म्हणजे फक्त एक नंबर. ॲप तो नंबर डेटाबेसमध्ये शोधतं. तिथे कंपनीनं पाकिटावर छापलेली घटकांची यादी कुणीतरी भरून ठेवलेली असते. प्रत्येक घटकाला आधीच मार्क ठरवलेले असतात. बेरीज-वजाबाकी होते आणि रंग येतो. बस. तुमच्या हातातल्या डबीत खरंच काय आहे, याचा ॲपला काडीचा पत्ता नसतो. कंपनीनं जे कबूल केलंय, तेवढंच त्याला दिसतं.

आता यात गंमत बघा. ज्यानं प्रामाणिकपणे वीस घटक छापले, त्याला लाल. ज्यानं काहीच छापलं नाही, त्याला काय? "प्रॉडक्ट सापडलं नाही." करडा रंग. आणि करडा रंग बघून कुणी घाबरत नाही! दुसरं, बारकोड कुणीही कॉपी करू शकतं. नामांकित लिपस्टिकच्या डुप्लिकेटवर तोच बारकोड छापला, तर ॲप तुम्हाला अस्सल मालाचे मार्क दाखवणार. आणि ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल सुरक्षित, असं जे फॉरवर्ड फिरतं त्यातही अर्थ नाही. ८९० म्हणजे तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच.

तिसरं प्रमाण. पॅराबेन घ्या. सगळ्या रील्समधला आवडता खलनायक. ते प्रिझर्व्हेटिव्ह आहे, म्हणजे क्रीममध्ये बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकतात. युरोपात, जिथले नियम कडक समजले जातात, तिथेही मिथाइलपॅराबेन ०.४ टक्क्यापर्यंत चालतं. प्रोपाइल आणि ब्यूटाइल पॅराबेनची मर्यादा त्यांनी २०१४ साली खाली आणली, ०.१४ टक्के केली. म्हणजे नियम बदलतात, अभ्यास चालू असतो, लक्ष ठेवायला हरकत नाही. पण "पॅराबेन फ्री" म्हणून घरी कोरफड मिक्सरला फिरवून आठवडाभर उघड्या वाटीत ठेवायची आणि तोंडाला फासायची, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त धोक्याचं. लिंबाचंही तसंच. लिंबू चोळून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, मागे काळे डाग राहतात. नैसर्गिकच आहे की लिंबू!

असो. मला आज बोलायचंय ते त्या करड्या रंगाबद्दल.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. बायोटेक शिकणारी विशीतली मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण. तिघींनाही किडनीचा आजार झाला. एकाच घरात, पुढेमागे. डॉक्टर चक्रावले, कारण किडनीचा असा आजार साथीसारखा घरभर पसरत नाही. शेवटी धागा सापडला तो एका गोरं करणाऱ्या क्रीमचा. मुलीनं ती स्थानिक ब्युटिशियनकडून घेतली होती. चेहरा उजळला, लोक विचारायला लागले, मग आई आणि बहिणीनंही लावायला सुरुवात केली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या मदतीनं तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

ती मुलगी शिकलेली होती, तेही विज्ञान. त्यामुळे "अडाणी बायका फसतात" असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

पुढच्या वर्षी केरळमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या जर्नलमध्ये छापून आला. मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल म्हणून गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलमधला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेंब्रेनस नेफ्रोपॅथी नावाच्या किडनीच्या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांमध्ये एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला. आणि त्या १५ पैकी १३ जणांनी सांगितलं की आम्ही गोरं करणारी क्रीम वापरत होतो. १५ पैकी १३! आमच्या कामात लॉगमध्ये असं काही दिसलं तर रात्री दोनला उठवतात माणसाला.

पारा क्रीममध्ये टाकतात तरी का? कारण तो काम करतो, हीच तर पंचाईत आहे. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिनमुळे असतो. मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि पाऱ्याचे क्षार ते एन्झाइम अडवतात. म्हणून थोड्याच दिवसांत उजळपणा दिसतो. पण पारा कातडीवरच थांबत नाही. तो रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी खराब झाली की रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जायला लागतं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर सूज. बोट दाबलं की खड्डा पडतो. बाई म्हणते, उभं राहून स्वयंपाक करते ना, म्हणून पाय सुजत असतील. क्रीम कुणाच्या डोक्यातही येत नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० आहेत. डोळ्यांच्या प्रॉडक्टला वेगळी मर्यादा आहे, बाकी कुठल्याही कॉस्मेटिकमध्ये नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या वर चालत नाही. १ पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. आपल्या भाषेत सांगायचं तर एक टन उसात एक ग्रॅम. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या ३२ फेअरनेस क्रीम तपासल्या. १४ मध्ये पारा सापडला, जास्तीत जास्त १.९७ पीपीएम. हे चुकीचंच. पण बिननावाच्या, चोरट्या मार्गानं येणाऱ्या क्रीममध्ये हजारो पीपीएम पारा सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. टनाला ग्रॅमभर आणि टनाला कित्येक किलो, एवढा फरक आहे तो. म्हणून मी म्हणते, कपाटातल्या छापील यादीवाल्या ट्यूबवर घालवलेली भीती थोडी वाचवा आणि योग्य जागी खर्च करा. पाऱ्याच्या मिनामाता करारात २०२३ साली सगळ्या देशांनी ठरवलं की १ पीपीएमची पळवाटही नको, पारा टाकलेली कॉस्मेटिक्स २०२५ पर्यंत पूर्ण बंद. कागदावर छान आहे. पण जी डबी कायद्याला विचारून आलीच नाही, ती कायद्याला विचारून जाणार कशी?

आता आमच्या गावचं सांगते. डाळज. पुणे-सोलापूर हायवेवर, भिगवणच्या पुढे, उजनीच्या पाण्याला लागून. हायवेचं गाव असल्यामुळे सगळं लवकर पोचतं, चांगलंही आणि वाईटही. मागच्या सुट्टीत शेजारच्या काकूंकडे गेले होते. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे येणार होते. टेबलावर छोटी पांढरी डबी, सोनेरी झाकण. मी उचलून उलटी केली. मागे काहीच नाही. ना कंपनीचा पत्ता, ना तारीख.

"काकू, ही कुठनं आणली?"

"आगं, पार्लरवालीनं दिली. ती स्वतःच बनवून घेती म्हणं. तीनशेला. लई गुण आलाय बघ पोरीला."

पोरगी कॉलेजला आहे, हुशार आहे. तिला बाजूला घेऊन मी अकोल्याचं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, पाहुणे पंधरा दिवसांनी येणारेत. आत्ता बंद केली तर परत काळी पडेन ना?"

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कारण तिचं बरोबर होतं. पारा थांबवला की रंग परत येतो, कधीकधी आधीपेक्षा गडद. बायोडेटात "वर्ण" असा रकाना ठेवणारे आपणच, आणि मग पोरी क्रीम का लावतात म्हणून त्यांनाच लेक्चर देणारेही आपणच. मी तिला एवढंच म्हटलं की पाहुणे एकदा बघून जातील, किडनी रोज लागणारे. तिला ते कितपत पटलं, देव जाणे. लघवीची तपासणी करायला मात्र ती तयार झाली, तीही आईला न सांगता. प्रोटीन नव्हतं. नशीब.

तर अशी डबी घरात असेल तर काय करायचं, ते नीट ऐका. वापर लगेच थांबवा. डबी चुलीत किंवा कचऱ्याबरोबर जाळू नका. पारा तापला की त्याची वाफ होते आणि ती श्वासातून घरातल्या सगळ्यांना मिळते, लहान लेकरांना सुद्धा. मोरीतही धुऊन टाकू नका. झाकण घट्ट लावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, बाजूला ठेवा. आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, बीपी बघून घ्या. रुटीन युरिन टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये होते, इंदापूरला जा नाहीतर बारामतीला, फार खर्च नाही. डॉक्टरांना क्रीमचं आपणहून सांगा, डबी दाखवा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. दिलासा देणारी गोष्ट ही की केरळच्या त्या रुग्णांपैकी बहुतेक जण क्रीम बंद केल्यावर सुधारले.

पण थांबा. सगळ्याच क्रीमला "लगेच बंद" हा नियम लावू नका. मेडिकलमध्ये मिळणारी गोरेपणाची ट्यूब असते ना, छोटी, औषधासारख्या खोक्यातली? तिचं खोकं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं दिसली, किंवा बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं, तर ते औषध आहे. शेवटची तिन्ही स्टेरॉइड. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी द्यायचं असतं, आणि आपल्याकडे लोक ते पावडरसारखं रोज लावतात, वर्ष-वर्ष. सुरुवातीला चेहरा गुळगुळीत आणि गोरा होतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, मुलींच्या गालावर लव वाढते. उन्हात आग होते. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून लोक परत लावतात. व्यसनच ते. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तुमच्या मेडिकलवाल्यानं शेवटची चिठ्ठी कधी मागितली होती, आठवून बघा. ही ट्यूब बरेच महिने लावत असाल तर मनानं थांबवू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतात. बारामतीला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे दाखवता येतं.

आता कुंकू-टिकली. याला आपण मेकअप म्हणत नाही, पण रोज लावतो, त्यामुळे हे सगळ्यात "एव्हरीडे".

खरं कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखं क्षारयुक्त काही लागलं की ती लाल होते. पांढऱ्या शर्टवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच ते. उलट लिंबाचे दोन थेंब टाकले की हळदीचं कुंकू परत पिवळट होतं. घरी करून बघा, मजा येते. पिवळं नाही झालं तर रंग कृत्रिम. पण या टेस्टमधून शिसं आहे की नाही ते कळत नाही. २०१७ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदूरचे ११८ नमुने तपासले, ९५ न्यू जर्सीतले आणि २३ मुंबई-दिल्लीतले. भारतातल्या नमुन्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत शिसं २० पीपीएमच्या वर होतं. ही अमेरिकेची मर्यादा.

आणि शेंदूर. मारुतीला लावतात तो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो देवाला ठीक आहे, देवाला किडनी नाही. पण देवळातून येताना बोटाला लागलेला शेंदूर आपण कौतुकानं लेकराच्या कपाळाला लावतो, आणि लेकरू तेच बोट तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही नको. काजळाचंही तसंच. आजी निरांजनावर वाटी धरून करायची ते काजळी आणि तुपाचं, त्यात शिसं नसतं. डोळ्यात घालायला डॉक्टर तेही नको म्हणतात, जंतुसंसर्गामुळे. पण सुरमा म्हणून जी चमकदार काळी पूड मिळते ती बऱ्याचदा गॅलिना, म्हणजे शिशाचं खनिज. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हवंच असेल तर तळपायाला तीट लावा, घरच्या काजळाची.

टिकलीचा प्रश्न वेगळा, तिच्या मागच्या गोंदाचा. काही गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. टिकलीच्या जागी टिकलीएवढाच पांढरा डाग. मग बाईला "कोड फुटलंय" म्हणून कुजबुज सुरू. लग्न न झालेली मुलगी असेल तर विचारूच नका. खाज किंवा फिकेपणा दिसला की त्याच दिवशी टिकली बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, लवकर थांबवलं तर रंग परत यायची शक्यता जास्त.

मेहंदीचं थोडक्यात. खरी मेहंदी रंगायला काही तास लागतात, आधी केशरी, मग तांबूस. अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणारा कोन म्हणजे बहुतेक वेळा हेअर डायमधलं पीपीडी. हेअर डायच्या खोक्यावर आधी थोडं लावून टेस्ट करा, भुवया-पापण्यांना लावू नका, असा इशारा छापणं आपल्या कायद्यानं सक्तीचं आहे. कोनवर इशारा सोडा, नावही नसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी हातावर फोड नको असतील तर पानांची पूड आणा, भिजवा.

तर खरेदी करताना नेमकं बघायचं काय? तुमच्या भाषेत सांगते. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल तुम्ही डोळे झाकून इन्स्टॉल करत नाही ना? आधी बघता, कुणी बनवलंय, कुठून आलंय. तेच इथे. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. बाहेरच्या देशातला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी नंबर. यातलं काहीच नसेल तर घटक वाचायच्या भानगडीत पडूच नका, डबी खाली ठेवा. एक लक्षात घ्या, ६० मिलीपेक्षा लहान बाटली आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान पॅकला घटकांची यादी छापण्यातून सवलत आहे. म्हणजे बहुतेक लिपस्टिक आणि काजळ त्यातून सुटतात. मला हा नियम अजिबात आवडत नाही. सगळ्यात जास्त पोटात जाणारी वस्तू लिपस्टिक, आणि तिलाच सूट! पण नाव, पत्ता, लायसन्स यातून सुटका नाही.

"तक्रार करून काय होतं?" हेही विचारता तुम्ही. वेळ लागतो, खरंय. जॉन्सनच्या बेबी पावडरचं घ्या. पुणे-नाशिकमधून डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांवरून आपल्या एफडीएनं मुलुंडच्या कारखान्याचं लायसन्स रद्द केलं सप्टेंबर २०२२ मध्ये. तेही विषासाठी नव्हे, पीएच जास्त निघाला म्हणून. आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेशच रद्द केला, उशिरावरूनही सुनावलं. इतक्या मोठ्या, पत्ता माहीत असलेल्या कंपनीचं हे. बिनपत्त्याच्या डबीमागे कोण किती धावणार? तरी तक्रार कराच. अन्न व औषध प्रशासनाचं पुण्यात ऑफिस आहे, जिल्ह्याच्या तक्रारी तिथे जातात. डबी, विकणाऱ्याचा चॅट, पैसे दिल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. पार्लरवाल्या ताईशी भांडू नका मात्र. बऱ्याचदा तीही तीच क्रीम लावत असते. तिलाही टेस्ट करून घे म्हणावं.

पुढच्या भागात हेअर स्ट्रेटनिंगवर बोलायचंय, प्रश्न आत्तापासून पाठवा. आणि डबीचा फोटो पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचा पाठवा. पुढची बाजू सगळ्यांचीच छान असते.